औषध पोचलं, नळीचं पुढे काय होतं?

खलबत्ता | शनिवार, रात्री १०:१२

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड आला. "केमोथेरपी विसरा, आता नॅनो नळीतून औषध थेट कॅन्सरच्या गाठीत!" सोबत चित्र. रक्तवाहिनीतून एक चकचकीत जाळीदार नळी क्षेपणास्त्रासारखी निघालीय आणि तिच्या तोंडातून लाल गोळ्या सुटतायत. तिघांनी मला टॅग केलं, कारण मी फार्मसी शिकवते आणि एके काळी याच नळ्यांपायी माझी दीड वर्षं गेलीत. ग्रुपवर उत्तर लिहावं तर त्यावर लगेच गुड मॉर्निंगची फुलं येऊन पडतात, म्हणून इथे लिहितेय.

आधी चित्रातली चूक. कार्बन नॅनोट्यूब म्हणजे कार्बनच्या अणूंची षटकोनी जाळी गुंडाळून केलेली सुरळी. एकपदरी नळीची जाडी साधारण १ ते २ नॅनोमीटर, म्हणजे डीएनएच्या धाग्याएवढी. आपला केस ८० हजार नॅनोमीटरच्या आसपास असतो. एकात एक सुरळ्या घातल्या की झाली बहुपदरी नळी, ती जास्त जाड. १९९१ मध्ये जपानच्या एनईसी कंपनीत सुमिओ इजिमा यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काजळीत या नळ्या पाहिल्या आणि जगभर त्यांचं वेड लागलं. (सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९५२ मध्येच असल्या पोकळ धाग्यांचे फोटो छापले होते, पण रशियन नियतकालिकात. कोण वाचतो!)

नळी म्हटल्यावर सगळ्यांना वाटतं की औषध आत भरायचं, पिचकारीसारखं. तसेही प्रयोग झालेत. पण गाजलेलं बरंचसं काम नळीच्या बाहेरच्या अंगावर आहे. डॉक्सोरुबिसिन हे केमोचं जुनं औषध. त्याचा रेणू चपटा, कड्याकड्यांचा. नळीचं अंगही कड्यांचंच. ओले पापड एकावर एक ठेवले की कसे चिकटून बसतात, तसे हे रेणू नळीला चिकटतात, डिंक लावावा लागत नाही. स्टॅनफर्डच्या होंगजिए दाई यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवलं की १ ग्रॅम नळीवर जवळजवळ ४ ग्रॅम औषध बसतं. वाहनाच्या चौपट माल! औषधाच्या इतर वाहनांत असं प्रमाण सहसा दिसत नाही.

आणि उतरवायची सोय फुकटात. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट. रक्ताचा पीएच ७.४, तिथे औषध चिकटून राहतं. गाठीच्या आसपास आंबटपणा जरा जास्त, आणि पेशीने नळी गिळल्यावर जी पिशवी तयार होते तिच्यात तर पीएच ५-६ पर्यंत उतरतो. तिथे औषधाच्या रेणूंवरचा विद्युतभार वाढतो, ते पाण्यात जास्त विरघळू लागतात आणि नळी सोडतात.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगते. डॉक्सोरुबिसिन लाल-केशरी असतं. औषध चढवलेल्या नळ्या डायलिसिसच्या पिशवीत (बारीक छिद्रांची, सुटं औषध बाहेर जातं, नळ्या आत राहतात) घालून बीकरमध्ये टांगून ठेवायचो. पहिल्या दिवशी न चिकटलेलं औषध सुटून पाणी गुलाबी व्हायचं. पाणी बदलत राहिलं की दोन-तीन दिवसांत नितळ. मग तीच पिशवी आंबट बफरमध्ये, म्हणजे ठरावीक पीएचच्या द्रावणात, टांगायची आणि चहा पिऊन यायचं. परत बीकर गुलाबी! पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी आणि माझी प्रयोगातली पार्टनर चक्क नाचलो होतो.

मग हे औषध बाजारात का नाही? माझं मत पुढच्या प्रतिसादात लिहिते, कुकर लावायचाय.

---

मुकाटवाचक | रात्री १०:३१

वाचतोय. पापडाची उपमा आवडली. कुकर उतरवून लवकर या.

---

सह्यकडा७७ | रात्री १०:५०

हे नॅनोट्यूब वगैरे आपल्याकडे आधीच होतं. दमास्कसच्या तलवारीत सापडलेत ना? त्याचं पोलाद भारतातून जायचं.

---

गंधककाका | रात्री ११:०५

सह्यकडा, अर्धं बरोबर. २००६ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संशोधकांनी सतराव्या शतकातल्या दमास्कस तलवारीच्या तुकड्यात नळ्या दिसल्याचं प्रसिद्ध केलं, आणि वूट्झ पोलाद दक्षिण भारतातून जायचं हेही खरं. पण लोहाराला धार हवी होती, नळ्या आपसूक झाल्या. त्याने त्या केल्या असं म्हणायचं तर माझ्या आजीने ताकात लॅक्टोबॅसिलसवर संशोधन केलं असंही म्हणता येईल.

अवांतर होतंय, पण खरा अभिमानच हवा असेल तर कापूर घ्या. आयआयटी मुंबईत महेश्वर शेरॉन यांच्याकडे कापरापासून कार्बनचे पदार्थ करण्याचं काम चालायचं. पुढे मुकुल कुमार आणि जपानमधल्या नागोयाच्या मेइजो विद्यापीठातले योशिनोरी आंदो यांनी कापरापासून नळ्यांचं अक्षरशः रान उगवून दाखवलं. क्वार्ट्झची नळी, ९०० अंश तापमान, आर्गॉन वायू, कापराची वाफ आणि सोबत लोखंड पुरवायला फेरोसीन. लोखंडाच्या बारीक कणावर कार्बन साचत जातो आणि नळी उगवते. आरतीच्या तबकातल्या काजळीत शोधायला जाऊ नका, तिथे ना आर्गॉन ना फेरोसीन.

या लोखंडाचा मुद्दा खलबत्ताताईंच्या विषयाशीही जोडलेला आहे. नळ्या बनवून झाल्यावर लोखंड, निकेल, कोबाल्ट असले धातू आत अडकून राहतात. आम्लात उकळून काढावे लागतात, तरी पूर्ण जात नाहीत. सुरुवातीच्या अनेक प्रयोगांत पेशी मेल्या त्या नळीने की धातूने, यावर लोक भांडत बसले.

---

खलबत्ता | रात्री ११:४०

काका, धातूचं अगदी बरोबर. आमची पहिली पुडी उघडली तेव्हा चुंबक बाटलीजवळ नेला तर भुकटी काचेला येऊन चिकटली. तिथेच समजायला हवं होतं.

आता पुढचं. नळ्यांना पाणी चालत नाही. भुकटी दिसायला दिव्यावरच्या काजळीसारखी आणि इतकी हलकी की बटर पेपरवरून बाटलीत जाताना निम्मी कागदालाच चिकटते. पाण्यात टाकली की वर तरंगते, नाहीतर गोळे होतात. सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी घुसळणारं यंत्र) तासभर ठेवलं (तो आवाज! खोलीतली कुत्री पळतील) की छान काळी शाई होते. खुश होऊन घरी जायचं. सकाळी येऊन पाहावं तर वर नितळ पाणी आणि तळाशी काळा गाळ.

यावर उपाय म्हणजे नळीला अंगरखा घालायचा. पेग, म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल, याच्या लांब शेपट्या जोडायच्या. मग ती पाण्यात राहते आणि रक्तातल्या प्रथिनांपासूनही जरा लपते. दाईंच्याच गटाने २००८ मध्ये पेग लावलेल्या नळ्यांवर पॅक्लिटॅक्सेल (केमोचं आणखी एक औषध, टॅक्सॉल नावाने मिळतं ते) जोडून उंदरांना दिलं. नेहमीच्या टॅक्सॉलच्या तुलनेत गाठीत दहापट औषध पोचलं. उंदरात.

माझ्या मते अडचण नेण्याची नाहीच. लायपोसोम म्हणजे चरबीचा फुगा, औषध दिलं की शरीर ती चरबी पचवून टाकतं. अब्राक्सेन नावाच्या औषधात पॅक्लिटॅक्सेल अल्ब्युमिनवर बसवलंय, ते तर आपल्याच रक्तातलं प्रथिन. करोनाच्या एमआरएनए लशी चरबीच्या कणांत आल्या. ही सगळी वाहनं माल उतरवून स्वतः विरघळतात. आमची नळी विरघळत नाही, ती ग्राफाइटची सख्खी बहीण. औषध पोचवून झालं, आता ही बाई जाणार कुठे? फॉरवर्डच्या चित्रात हा प्रश्नच नसतो. सगळं गाडी कशी सुटली यावर, रिकाम्या गाडीचं काय झालं ते कुणी दाखवत नाही.

---

नाडीपरीक्षा | रविवार, सकाळी ७:२०

मी ऑन्कोलॉजी डे केअरला सिस्टर आहे. टॅक्सॉलचा उल्लेख आला म्हणून लिहिते. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून एरंडेलापासून केलेल्या क्रेमोफोरमध्ये देतात. त्या क्रेमोफोरचीच कित्येकांना रिॲक्शन येते, म्हणून आधी डेक्सा, एव्हिल (रिॲक्शन रोखणारी औषधं) चालवायचं आणि पहिली पंधरा मिनिटं पेशंटच्या खुर्चीशेजारून हलायचं नाही. चेहरा लाल झाला, छातीत दाटलं म्हणाले की लगेच क्लॅम्प लावून सलाईन बंद. म्हणजे औषधापेक्षा वाहनाचाच त्रास! "रिकाम्या गाडीचं काय" हे आम्हाला रोज दिसतं, फक्त वेगळ्या पद्धतीने.

---

दापोलीकर_एकटा | सकाळी ९:०२

मी इथे सहसा फक्त वाचतो. बायकोची केमो सुरू आहे, त्यात तेच लाल औषध आहे. पहिल्या वेळी लघवी लाल झाली तर ती घाबरून रडायला लागली. डॉक्टर म्हणाले हृदयावर परिणाम होऊ शकतो म्हणून मधूनमधून टूडी एको. हे नळीतलं औषध मुंबईत कुठे मिळत असेल, ट्रायल चालू असेल, तर कृपया सांगा. खर्चाचं बघून घेऊ.

---

खलबत्ता | सकाळी ९:३५

दापोलीकर, आधी सरळ उत्तर: नाही. कार्बन नॅनोट्यूबवर बसवलेलं कर्करोगाचं एकही औषध कुठल्याही देशात मंजूर नाही. कुणी पैसे घेऊन देतो म्हणालं तर तिथून उठून या. मी हा धागा काढला तो याच भीतीने.

पण तुमच्या काळजीवर उपयोगी पडेल अशी एक गोष्ट आहे. तेच लाल औषध लायपोसोममध्ये बंद केलेलं मिळतं. अमेरिकेत १९९५ मध्ये डॉक्सिल नावाने मंजूर झालं, नॅनो आकाराचं अगदी सुरुवातीचं मंजूर औषध. त्यात हृदयाला होणारी इजा कमी असते. २०१२ मध्ये अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा पडला तेव्हा तिथल्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, आपल्या सन फार्माचं लिपोडॉक्स आणायला परवानगी दिली होती, म्हणजे इथे बनतं. मात्र ते सगळ्या प्रकारच्या कर्करोगात साध्या औषधाच्या जागी चालत नाही, आणि त्याचे स्वतःचे त्रास आहेत, तळहात-तळपाय सोलवटतात. पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढंच विचारा: "लायपोसोमल आमच्या केसमध्ये लागू आहे का?" नाही म्हणाले तर त्यांचं ऐका.

---

नाडीपरीक्षा | सकाळी ९:४८

दादा, लघवी लाल होणं म्हणजे औषधाचा रंग उतरतोय, रक्त नाही. एक-दोन दिवसांत जातं. वहिनींना पाणी भरपूर द्या. आणि सलाईन चालू असताना सुईजवळ जरा जरी जळजळ वाटली तरी तिने लगेच ओरडून सांगायचं, संकोच करायचा नाही. हे औषध शिरेबाहेर गेलं तर कातडी जाळतं.

---

दापोलीकर_एकटा | सकाळी १०:१०

ताई, सिस्टर, दोघींचे आभार. लिहून घेतलं.

---

पत्र्याची_चाळ | दुपारी १:२५

मी कारखान्यांतली हवा मोजायचं काम करतो, म्हणून दुसऱ्या टोकाने बोलतो. आमच्या धंद्यात नॅनोट्यूब म्हटलं की ॲस्बेस्टॉस आठवतो.

फुप्फुसात, पोटाच्या आवरणात मॅक्रोफेज नावाच्या सफाई कामगार पेशी असतात. कचरा दिसला की गिळायचा, हे त्यांचं काम. त्यांचा आकार १५-२० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर). त्याहून लांब आणि ताठ काडी आली की गिळता येत नाही, अर्धी तोंडात अर्धी बाहेर. पेशी चिडते, दाहक रसायनं ओकत राहते, वर्षानुवर्षं. ॲस्बेस्टॉसमध्ये त्यातूनच मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग, होतो, कधी तीस-चाळीस वर्षांनी. २००८ मध्ये एडिनबरोच्या केन डोनाल्डसन यांच्या गटाने उंदरांच्या पोटात लांब, ताठ बहुपदरी नळ्या सोडल्या, तर ॲस्बेस्टॉससारखीच सूज आणि गाठी. आखूड, गुंतलेल्या नळ्यांनी तसं झालं नाही. म्हणजे पदार्थ तोच, आकार बदलला की वागणूक बदलते.

२०१३ मध्ये अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षेच्या संस्थेने कामगारांसाठी शिफारस केली ती घनमीटर हवेत १ मायक्रोग्रॅम. एवढं मोजायलाच आमचं धाबं दणाणतं. २०१४ मध्ये कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संस्था आयएआरसीने बहुपदरी नळ्यांचा एक विशिष्ट प्रकार "माणसात कर्करोगकारक असण्याची शक्यता" या २-ब गटात टाकला. बाकीच्या नळ्यांबद्दल पुरावा अपुरा म्हणून गट ३.

खलबत्ताताई, बटर पेपरवरून भुकटी ओतताना तुम्ही तोंडाला काय बांधलं होतं?

---

खलबत्ता | दुपारी २:५०

पकडलंत. ओढणी.

२००९ सालची गोष्ट. तुम्ही सांगताय तो पेपर येऊन वर्ष झालं होतं, आणि आम्ही उघड्या टेबलावर, पंखा बंद करून (भुकटी उडते म्हणून, आमच्यासाठी नव्हे) वजन करत होतो. कॉलेजचं नाव घेत नाही. फ्यूम हूड (वाफा, धूळ ओढून घेणारं कपाट) होता, त्यात रिकामे खोके ठेवलेले असायचे. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमालावर काळं यायचं, आम्ही हसायचो.

पण एक सांगते, ही दोन प्रकरणं एकत्र मिसळू नका. श्वासातून जाणारी कोरडी, लांब भुकटी वेगळी. आखूड कापलेली, पेग लावलेली, शिरेतून दिलेली नळी वेगळी. दुसरीबद्दल थोडं बरंही वाचायला मिळतं. २००६ मध्ये कोस्तारेलोस, प्रातो, बियांको यांच्या गटाने नळ्यांवर पाण्याला धार्जिणे रासायनिक गट जोडून उंदरांना दिल्या, तर त्या मूत्रातून बाहेर पडल्या. दाईंच्या गटाला त्यांच्या नळ्या यकृतात आणि प्लीहेत साचलेल्या दिसल्या, आणि महिनोन्‌महिने हळूहळू पित्तावाटे विष्ठेतून जाताना. २०१० मध्ये पिट्सबर्गच्या वॅलेरियन कागान यांच्या चमूने तर दाखवलं की आपल्या पांढऱ्या पेशींतलं मायलोपेरॉक्सिडेज हे एन्झाइम एकपदरी नळीला कुरतडून तोडू शकतं. जंतू मारायला जे ब्लीचसारखं रसायन ते बनवतं, त्यानेच. कुरतडलेल्या नळ्यांनी उंदरांच्या फुप्फुसात सूज आणली नाही.

तेव्हा "कधीच जात नाही" हेही खोटं. पण एका गटाच्या नळ्या मूत्रातून, दुसऱ्याच्या विष्ठेतून, कारण दोघांच्या नळ्यांची लांबी वेगळी, अंगरखा वेगळा, धातू वेगळा. औषध मंजूर करणाऱ्याला प्रत्येक बाटलीत तोच माल हवा. आमच्या एकाच पुडीत १०० नॅनोमीटरपासून काही मायक्रॉनपर्यंतच्या नळ्या निघायच्या. पॅरासिटामॉलचे रेणू असे लहानमोठे असतात का?

---

गंधककाका | दुपारी ४:१५

हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जड वाटतो. विषारीपणा मोजता येतो, पण आधी ठरवायला तर हवं की मोजतोय काय.

---

नव्यानेरुजू | संध्याकाळी ६:०५

मी पुण्यात एम.फार्म. करतेय. आमच्याकडे अजूनही नॅनोट्यूबवर प्रोजेक्ट देतात, सिनॉप्सिसमध्ये सगळे "लक्ष्यवेधी औषध" लिहितात. मॅडम, गाठीपर्यंत नक्की किती पोचतं?

---

खलबत्ता | संध्याकाळी ६:४०

गाठीच्या रक्तवाहिन्या घाईघाईत बांधलेल्या, गळक्या असतात. त्यातून नॅनो कण बाहेर झिरपतात आणि तिथे साचतात, ही कल्पना १९८६ मध्ये जपानच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी मांडली. सगळा "लक्ष्यवेध" बराचसा या गळतीवर उभा आहे. २०१६ मध्ये टोरोंटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने दहा वर्षांतले प्रयोग गोळा करून हिशेब केला. सगळ्या प्रकारच्या नॅनो कणांचा मिळून मध्यांक निघाला ०.७ टक्के! शंभरातला एकही कण धड पोचत नाही, आणि बाकीचा मोठा वाटा यकृत-प्लीहेत. सिनॉप्सिसमध्ये "लक्ष्यवेधी" लिही, पण व्हायवाला हा आकडा लक्षात ठेवून जा.

---

नव्यानेरुजू | संध्याकाळी ६:५२

बापरे. मग गाईडना विषय बदलून मागू का?

---

पत्र्याची_चाळ | संध्याकाळी ७:१०

विषय बदल न बदल, आधी एन-९५ आणि चालू हूड माग. ओढणी नको.

---

गंधककाका | संध्याकाळी ७:३०

नळी वाईट नाही हो, तिला हमालीच्या कामाला लावलं ही चूक. एकपदरी नळी नजीकच्या अवरक्त प्रकाशात चमकते आणि ती चमक विझत नाही. त्या प्रकाशाला आपलं मांस बऱ्यापैकी पारदर्शक असतं. एमआयटीत मायकेल स्ट्रानो यांच्या गटाने २०१३ मध्ये शैवालापासून काढलेल्या अल्जिनेटच्या गोळ्यात नळ्या बंद करून उंदराच्या कातडीखाली ठेवल्या आणि नायट्रिक ऑक्साइड मोजलं, ४०० दिवसांहून अधिक काळ टिकलं. तिथे न विरघळणं हाच गुण ठरतो. नव्यानेरुजू, गाईडना सेन्सरचं विचार.

---

खलबत्ता | संध्याकाळी ७:५५

काका, मला हे बारा वर्षांपूर्वी सांगायचं होतंत.

एका बाबतीत मात्र मला अजून हळहळ वाटते. २००५ मध्ये कोस्तारेलोस-बियांको यांच्याच मंडळींनी नळीवर ॲम्फोटेरिसिन-बी जोडलं होतं. बुरशीवरचं औषध, किडनीला भारी. २०२१ ला म्युकरमायकोसिसच्या लाटेत आपल्याकडे नातेवाईक लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात पळत होते. तेव्हा मला आमच्या काळ्या बाटल्या आठवल्या. पण उपयोगाला आला तो चरबीचा फुगाच, ज्यावर मुंबईच्या केईएममध्येही कित्येक वर्षांपूर्वी काम झालं होतं. कंटाळवाणं, पचणारं वाहन.

---

मुकाटवाचक | रात्री ९:२०

त्या काळ्या बाटल्यांचं काय झालं?

---

खलबत्ता | रात्री ९:४४

पेगवाली एक अजून माझ्या कपाटात आहे, झाकणाला पॅराफिल्म लावून. इतक्या वर्षांत तळाशी थोडा गाळ बसलाय, पण वरचं अजून शाईसारखं काळं. मागच्या वर्षी कॉलेजात रासायनिक कचरा न्यायला गाडी आली तेव्हा दिली होती. त्या माणसाने फॉर्म काढला, आम्ल, अल्कली, सॉल्व्हंट, जैविक असे रकाने होते. म्हणाला, मॅडम, हे कशात टाकू? मी म्हटलं, कार्बन आहे. तो म्हणाला, कोळसा आम्ही नेत नाही. बाटली परत कपाटात.

---

पत्र्याची_चाळ | रात्री १०:०२

सिंकमध्ये ओतू नका फक्त. उद्या व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, आमच्याकडे जाळणारे लोक आहेत, त्यांना विचारून सांगतो.